कामतीच्या उतारावर न वाजलेला भोंगा

मी भोंगा बोलतोय. सोलापुरात भोंगा म्हटलं की लोकांचे कान गिरणीकडे लागतात; तो मी नव्हे. मी मोटारीचा भोंगा. पितळेची वाकडी नळी, पुढं रुंद तोंड, मागं रबराचा फुगा. फुगा दाबला की मी ओरडतो. काम एवढंच, पण त्याचा मला भारी तोरा होता.

वीरभद्रप्पांनी मुंबईहून उतारू नेणारी सर्व्हिसची मोटार आणली, तिच्याबरोबर मी आलो. सोलापूर ते मंगळवेढं अशी आमची खेप. सुरुवातीला मी ओरडलो की बैल बुजायचे, बायका पदर सावरत बाजूला व्हायच्या, आणि एका म्हाताऱ्यानं तर मला हात जोडले होते! मालक मला चिंचेनं घासून घ्यायचे. ड्रायव्हर भीमा रस्ता रिकामा असला तरी हौसेनं मला दाबायचा.

पण रबराला ऊन सोसत नाही, आणि इथलं ऊन कसलं असतं ते मी सांगायला नको. फुग्याला चीर पडली. दाबलं की नुसती फुस्स हवा.

भीमा म्हणाला, "मालक, भोंगा गप झालाय. फुगा बदला की."

"बदलू की. एवढी खेप करून ये," मालक म्हणाले.

ती खेप झाली, मग दुसरी झाली. फुगा काही आला नाही. चिंचेनं घासणं मात्र एक दिवस चुकलं नाही. माणसं जे दिसतं ते घासतात, याचा मला तेव्हापासून राग आहे.

मालकांची आणखी एक ताकीद होती. उतार लागला की इंजिन बंद करायचं, तेवढंच पेट्रोल वाचतं. त्या दिवशी कामतीच्या अलीकडचा उतार लागला आणि भीमानं इंजिन बंद केलं. आम्ही मुकाट घरंगळत निघालो. वारा समोरचा. वळणावर बिरप्पा धनगर आमच्याकडं पाठ करून मेंढरं रस्त्यापलीकडं नेत होता. भीमानं मला दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. मी जीव खाऊन ओरडायला बघत होतो आणि माझ्या तोंडातून फुंकरीएवढाही आवाज निघत नव्हता. ब्रेक लागेपर्यंत उशीर झाला होता. बिरप्पानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याची बायको मायाक्का. पदरात दोन लेकरं, घरात म्हातारा सासरा धुळाप्पा. कुणीतरी तिला सांगितलं, घरचा कर्ता माणूस दुसऱ्याच्या हयगयीनं गेला तर सरकारी कायद्यानं भरपाई मागता येते. तिनं निम्मी मेंढरं विकून सोलापूरच्या कोर्टात दावा लावला. हरली असती तर भरपाई राहिली बाजूला, उलट मालकांच्या वकिलाचा खर्चही तिच्याच बोडक्यावर आला असता. मग उरलीसुरली मेंढरंही गेली असती.

आणि मालकांना दाव्याचं समन्स आलं, त्याच आठवड्यात माझा नवा फुगा आला.

मला मोटारीवरून काढून कोर्टात नेलं. न्यायाधीशांपुढच्या टेबलावर मी ठेवलेला, घासूनपुसून लखलखीत. समोर मायाक्का जमिनीवर बसलेली. तिच्याकडं बघायची मला चोरी झाली.

भीमा पिंजऱ्यात उभा राहिला. "मी भोंगा दाबला, साएब. लई येळा दाबला."

"वाजला का?" मायाक्काच्या वकिलांनी विचारलं.

भीमानं मालकांकडं पाहिलं. त्याचं पोट त्यांच्या हातात. "वाजला," तो म्हणाला.

"खोटं!" असं मला किंचाळावंसं वाटलं. पण दाबल्याशिवाय आम्हाला तोंड नाही.

मग मालकांनी सोजरबाईला आणलं. ही अंडी विकायला रोज आमच्या मोटारीनं सोलापूरला यायची, भीमाच्या मागंच बसायची; त्या दिवशीही तिथंच होती. भोळी बाई. मालकांनी तिला एवढंच सांगितलं होतं, डोळ्यांनी जे दिसलं ते सांग.

"भीमाचा हात कुठं होता?" मालकांच्या वकिलांनी विचारलं.

"भोंग्यावर. दाबत हुता की. देवाशपत, म्या बगितलं."

वकील तिथंच थांबले. हुशार माणूस! न्यायाधीशांनी लिहून घेतलं. धुळाप्पाची मान खाली गेली. मायाक्काचे वकील पुढचा प्रश्न शोधत कागद चाळू लागले.

मालकांचे वकील तेवढ्यावर बसले असते तर मायाक्का त्याच दिवशी धुळीला मिळाली असती. पण त्यांना हौस आली. "साहेबांनी आवाज ऐकावाच," ते म्हणाले, "म्हणजे हा ज्याला ऐकू आला नाही, चूक त्याची की आमची, ते कळेल."

पट्टेवाल्यानं मला उचललं. नव्या फुग्यात हवा गच्च भरलेली. मी अंग आखडून धरलं. आज नको रे आवाजा, ज्या दिवशी हवा होता त्या दिवशी निघाला नाहीस, आज कशाला निघतोस! पण त्यानं दाबलं, आणि मी असा ओरडलो की तावदानं थरथरली.

सोजरबाई अजून पिंजऱ्यातच उभी होती. तिचा चेहरा खुलला. मालकांकडं वळून ती मोठ्या कौतुकानं म्हणाली, "बया! वाजाय लागला की! लई बेस केलंसा मालक, फुगा नवा बशिवला. त्या दिशी बिचारा भीमा दाबून दाबून दमला, नुसतं फुस्स फुस्स. तवाच बशिवला असता तर..."

तिची नजर मायाक्कावर पडली. तिनं तोंडावर पदर दाबला.

न्यायाधीशांनी हळूच विचारलं, "बाई, त्या दिवशी हा वाजला नव्हता?"

"न्हाय जी," सोजरबाई रडत म्हणाली. "कवाधरनं वाजतच नव्हता. आमी मोटार धुरळ्यावरनं वळकायचो."

भीमाला पुन्हा बोलावलं. त्यानं हात जोडले आणि सगळं कबूल केलं.

निकालाच्या दिवशीही मी टेबलावरच होतो. न्यायाधीशांनी वाचलं: नुकसानभरपाई नऊशे रुपये, दाव्याचा खर्च, आणि दावा लावल्या तारखेपासून पैसे फिटेपर्यंत व्याज. व्याज हा शब्द कानावर पडताच मायाक्का पांढरी पडली. तिच्या जन्मात व्याज हे तिच्याच घरातून बाहेर गेलेलं.

"मामा, याज कुटनं भरायचं?" ती सासऱ्याला म्हणाली. "आता ऱ्हायल्याली मेंढरं बी इकाय लागतील."

तिचे वकील हसले. "अगं, तुला भरायचं नाही. वीरभद्रप्पांनी तुला द्यायचं. जितके दिवस लावतील तितकं वाढत जाईल."

तिला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर ती उठून उभी राहिली. "मला नको त्ये. मानूस गेला माजा. त्येच्या जिवावर याज खाऊ व्हय?"

धुळाप्पा काठी टेकत पुढं आला.

"घे, पोरी," तो म्हणाला. "याज बिरप्पाचं न्हाय. त्यो मेल्याव हे जितके दिस खोटं बोलले, त्या दिसांचं हाय. त्ये सोडू नगंस."

मायाक्का मटकन खाली बसली आणि नवरा गेल्यावर पहिल्यांदाच, भर कोर्टात, मोकळी रडली.

पैसे फेडायला वीरभद्रप्पांना मोटार विकावी लागली. मी तिच्याबरोबर गेलो. आता नवा मालक आहे, अक्कलकोटची वाट आहे. मला कुणी चिंचेनं घासत नाही, मी काळवंडलोय. त्याचं मला काही नाही.

तुम्ही मोटारीत बसणारी माणसं आहात, म्हणून पाया पडून सांगतो. गाडी हलण्याआधी ड्रायव्हरला म्हणा, भोंगा वाजवून दाखव. तो हसेल, उशीर होतोय म्हणेल. मी वाजलो नाही तर खाली उतरा आणि फुगा आल्याशिवाय गाडीत पाय ठेवू नका. बिरप्पासाठी मी ओरडलो, पण कोर्टात ओरडलो.