पान्याचा पाठिंबा

"सिस्टर, गैरसमज करून घेऊ नका, पण तुमचा पाठिंबा आम्हाला नको," वकीलसाहेबांचे मेहुणे म्हणाले. चहाचा घोट घेऊन त्यांनी कप हळूच बशीत ठेवला. "तो ठेकेदाराला द्या."

सिस्टरना वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण मेहुण्यांच्या चेहऱ्यावर थट्टा कधी फिरकलेलीच नव्हती. राज्याची निवडणूक अठरा दिवसांवर आली होती. एका मोठ्या पक्षाचे उमेदवार वकीलसाहेब, दुसऱ्या मोठ्या पक्षाचा ठेकेदार, आणि दोघांच्या मध्ये कुठेतरी पायपुसण्यासारखा पडलेला सिस्टरचा पक्ष. त्याचं लांबलचक नाव कुणालाच पाठ नव्हतं. निशाणी नट-बोल्ट आवळायचा पाना, म्हणून सगळे त्याला पान्याचा पक्ष म्हणत. बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगारांनी तो काढला होता, आणि त्या कामगारांचे पुढारी तात्या वारल्यापासून नऊ वर्षं सिस्टर त्याच्या अध्यक्ष होत्या.

"गेल्या खेपेला तुमचे साहेब नऊशे मतांनी पडले," सिस्टर म्हणाल्या. "आम्हाला सतराशे पडली होती. यंदा आम्ही उभे राहत नाही, तुमच्या मागे उभे राहतो. म्हणजे बाळंतपणाची खोली उघडेल, एवढंच तर ठरलं होतं."

"खोली उघडेलच. साहेबांचा शब्द आहे." मेहुण्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "पण आम्ही पाहणी केली. तुमचा पाना आमच्या फलकावर आला की तुमची सतराशे येतात आणि बाजारपेठेतली तीन हजार जातात. लोक तो बेचाळीस दिवसांचा संप विसरलेले नाहीत, सिस्टर. ज्यांची तेव्हा दुकानं बंद होती, त्यांची नातवंडंसुद्धा विसरलेली नाहीत."

"आणि तोच पाना ठेकेदाराच्या फलकावर आला, की ती तीन हजार त्याची जातात."

"तुम्ही हुशार आहात."

"आमच्या माणसांनी पाठिंब्याचं पत्र वाचून खरंच ठेकेदाराला मतं दिली तर?"

"थोडी देतील. थोडी घरी बसतील. आणि जी चिडतील ना, ती आमच्याकडे येतील." मेहुण्यांनी कागदावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "तेही धरलंय. फक्त हे तुमच्या-माझ्यात राहिलं पाहिजे. बाहेर फुटलं तर सगळंच मुसळ केरात."

माणसांच्या रागाचाही आकडा काढून ठेवणारा माणूस सिस्टरनी पहिल्यांदाच पाहिला. त्याला चपला घालायला लावून बाहेर काढावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ओठांवर आलेलं गिळायची सवय त्यांना नोकरीनं लावली होती.

अडतीस वर्षं त्या कामगार वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात होत्या, त्यातली तीस बाळंतपणाच्या खोलीत. वस्तीतल्या निम्म्या मतदारांना पहिल्यांदा रडवलं होतं ते त्यांनीच, त्यामुळे त्यांच्यावर डोळे वटारायचा हक्क त्यांना कुठल्याही निवडणुकीशिवाय मिळालेला होता. त्या निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत खोलीला कुलूप लागलं. डॉक्टर मिळत नाही म्हणे. आता आत मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या, आणि दिवस भरलेल्या बायका बावीस किलोमीटरवरच्या मोठ्या दवाखान्यात जात होत्या. सगळ्या पोचत होत्या असं नाही. मागच्या वर्षी टेलरमास्टरांची मुलगी निघाली, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन सिस्टरच बसल्या होत्या. पंधराव्या किलोमीटरला मूल झालं. सिस्टरनी जे जे येत होतं ते सगळं केलं, पण ते रडलंच नाही. त्या खोलीत हाताशी असायची ती साधी नळी आणि ऑक्सिजन असता तर ते रडलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. आता मुलीला पुन्हा दिवस गेले होते.

"शब्द पक्का?" त्यांनी विचारलं.

"काळ्या दगडावरची रेघ," मेहुणे म्हणाले.

ते गेल्यावर आतल्या खोलीतून वन्सं बाहेर आल्या. सिस्टरच्या नवऱ्याची ही थोरली बहीण. त्यांना एका कानानं ऐकू येत नसे, पण दुसरा कान दोघांचं काम करायचा.

"अगं, म्हणजे तू ज्याच्या बाजूनं आहेस त्याला नासवायचं नाही म्हणून दुसऱ्याला नासवायचं? पक्ष आहे का नासकं दूध?"

"वन्सं, तुम्ही काही ऐकलेलं नाही."

"मला मेलीला ऐकू येतंय कुठं!" वन्सं म्हणाल्या आणि कपबश्या उचलून घेऊन गेल्या.

पक्षाची बैठक मास्टरांच्या दुकानात भरायची. सात सभासदांपैकी पाच आले होते. मास्टर म्हणजे पक्षाचे दुसरे खांब. तात्यांबरोबर संपात होते, कारखाना बंद पडल्यावर शिवणाला बसले, आणि पक्षाचा प्रत्येक झेंडा त्यांच्याच मशीनवर शिवला गेला होता. डोळे अधू झाले तरी चष्म्याचा नंबर बदलायला तयार नव्हते. म्हणून येता-जाता दुकानात डोकावून त्यांच्या सुईत दोरा ओवून देणं, हे सिस्टरचं गेल्या काही वर्षांचं काम. "अध्यक्षांचं खरं काम एवढंच," असं मास्टर गिऱ्हाइकांना सांगायचे.

सिस्टरनी पत्र वाचलं. तीनच ओळी होत्या. तिसऱ्या ओळीत ठेकेदाराचं नाव आलं, तेव्हा मशीनची टकटक थांबली.

"पुन्हा वाचा," मास्टर म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचलं.

"ह्याच्या बापानं संपात आपल्यावर गुंड घातले होते. तात्यांचा हात ह्याच्या बापानं मोडला. का, सिस्टर?"

"अध्यक्ष म्हणून मला अधिकार आहे."

"अधिकार नाही विचारला. का, ते विचारलं."

सिस्टरनी पत्राची घडी घातली. मास्टरांनी गळ्यातली मोजपट्टी काढून खुंटीला अडकवली आणि स्वतःच्याच दुकानातून उठून निघून गेले.

ठेकेदाराला स्वर्ग दोन बोटं उरला. त्यानं दुसऱ्याच दिवशी पत्रकं छापली, वर स्वतःचा फोटो, खाली सिस्टरचा, आणि मधोमध हा एवढा मोठा पाना. बाजारपेठेतल्या एकूण एक दुकानात ती वाटली. वाटताना त्याला दुकानदारांची तोंडं दिसली नाहीत, किंवा दिसूनही कळली नाहीत. मास्टर मात्र दुकान बंद ठेवून उन्हातान्हात वस्तीत दारोदार फिरले. पत्र खोटं समजा, वकिलाला मत द्या, तात्यांची शपथ आहे, असं सांगत सुटले. ते सिस्टरच्या दारावरूनही गेले. थांबले नाहीत.

वकीलसाहेब दोनशे बारा मतांनी निवडून आले.

महिनाभर वाट बघून सिस्टर त्यांच्या कार्यालयात गेल्या. दोन तास बाकावर बसल्यावर आत बोलावणं आलं. टेबलामागे साहेब नव्हते, मेहुणे होते.

"खोलीचं काय झालं?"

"सिस्टर, अडचण समजून घ्या. लोकांसमोर काय आहे? तुम्ही ठेकेदाराला पाठिंबा दिलात. आता पहिलंच काम तुमच्या वस्तीत केलं, तर आमचीच माणसं विचारतील, विरोधकांना कसलं बक्षीस देताय? आणि बाजारपेठ लगेच म्हणेल, साहेब पान्याला मिळालेले आहेत."

"मी पाठिंबा तुमच्या सांगण्यावरून दिला."

"असं कुठे लिहिलेलं आहे का?" त्यांनी आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "मनातून आम्ही तुमचे फार आभारी आहोत. तुमच्यामुळे साडेतीन हजार फिरली. पुढच्या खेपेलाही तुमची मदत लागेलच. तेव्हा पक्ष मोडू नका, चालू ठेवा."

सिस्टर उठल्या. अडतीस वर्षांत त्यांनी नाना तऱ्हेची घाण उपसली होती, पण हात धुवावेसे वाटले ते त्या दिवशी.

घरी वन्सं नुसत्या भडकल्या. "आता कसली लपवाछपवी? त्यानं शब्द मोडला, तूही मोकळी झालीस. जा आणि मास्टरला सांग, सगळं त्या वकिलाच्या सांगण्यावरून झालं. नाहीतर मीच जाते."

"काय सांगणार, वन्सं? की आपला पाना ज्याच्या नावापुढे लागतो तो बुडतो? की तात्यांनी आणि मास्टरांनी उभं आयुष्य घालवून जे उभं केलं, ते आता फक्त दुसऱ्याच्या अंगावर फेकायच्या कामाचं उरलंय?"

"पण तो तुला विकली गेलेली समजतो!"

"समजू दे. मी एकटीच विकली गेले, असं समजतील. पक्ष तर शाबूत आहे त्यांच्यापुरता."

वन्संनी ऐकू न येणारा कान पुढे केला आणि भाजी निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर पक्षाचा शिक्का आणि सभासदांची वही घेऊन दुकानात गेल्या. सभासदांनी आता मास्टरांना अध्यक्ष केलं होतं. मास्टरांनी मान वर केली नाही. शिक्का टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, तेव्हा म्हणाले, "दोनशे बारा."

"हो."

"मी किती घरं फिरलो माहितेय? तीनशे चाळीस. तुमचं पत्र लोकांनी फाडून फेकलं, सिस्टर. त्या दोनशे बारातलं एकेक मत पान्याचं आहे. आपल्याशिवाय वकील निवडून येत नव्हता. तात्या असते तर..."

त्या मेहुण्यांच्या कागदावरचा, चिडणाऱ्या माणसांचा आकडा सिस्टरना डोळ्यांसमोर दिसला. त्यात एक मास्टरही होते.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळेच आला तो."

"ठेकेदारानं काय, खोली उघडून देतो म्हणून सांगितलं होतं का तुम्हाला?"

"तसंच काहीतरी."

"मग आला असतात माझ्याकडे. आता मी जाईन वकिलाकडे, ताठ मानेनं मागेन. आपलं देणं लागतो तो."

मास्टरांची मुलगी पडदा सारून पाणी घेऊन आली. सिस्टरनी सवयीनं तिच्या पोटावर हात ठेवला, किंचित दाबून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "आठवा लागला की शहरात मामाकडे जाऊन राहा. खोली उघडायची वाट बघू नकोस." मुलीनं वडिलांकडे पाहिलं आणि मान हलवली.

मास्टर सुईत दोरा ओवायला बसले होते. दोरा एकदा डावीकडून गेला, एकदा उजवीकडून. त्यांनी टोक ओठांत ओलं केलं आणि पुन्हा प्रयत्न केला. सिस्टरचा हात आपोआप पुढे झाला.

"राहू द्या," मास्टर म्हणाले. "जमेल मला."

त्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या. कोपऱ्यापर्यंत मुद्दाम सावकाश चालल्या. मशीन सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही.