तासाभरापुरती टांगलेली

मी लाल नळकांडी बोलतेय. आग विझवायची. तुम्ही मला भिंतीवर शंभरदा पाहिलंय आणि एकदाही नीट बघितलेलं नाही. आज बघा. मला मात्र मान वर करून बोलता येणार नाही, तेवढं चालवून घ्या.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा काय सांगू! पोटात भुकटी ठासून भरलेली, गळ्याशी दाब दाखवणारा काटा, तोही हिरव्या पट्ट्यावर. जिथे टांगतील तिथून जीव गेला तरी हलायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

जिल्ह्याच्या सभेत तेव्हा ठराव झाला होता की प्रत्येक शाळेत आगीचं साधन हवंच. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. गावोगावच्या शाळांच्या भिंतींवर खिळे ठोकले, खाली लाल बाण रंगवले. खिळे आले, बाण आले, आणि नळकांडी आली एकटी मी, नमुना म्हणून. बाकीच्यांची खरेदी कुठल्याशा टेबलावर जाऊन झोपली.

तेवढ्यात तपासणी निघाली. जिल्ह्याच्या भांडाराचे काका डोकेबाज.

"साहेब एका वेळी एकाच शाळेत असणार ना?" ते ड्रायव्हरला म्हणाले. "मग एकच पुरे की."

झालं, माझी वरात सुरू. साहेबांच्या आधी जीपमधून जायचं, खिळ्यावर चढायचं. साहेब येऊन बघत, मान हलवत आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला बसत. तेवढ्यात काका मला उतरवून आडवाटेने पुढच्या शाळेत. जीपच्या आदळआपटीत माझ्या बुडाला पोचा पडला. आत लाजेचा पडला तो कोणाला दिसणार? नटूनथटून खोटी साक्ष द्यायची, हाच माझा धंदा झाला होता.

अशीच एका शाळेत गेले. तिथे लहान वर्गाला एक बाई होत्या. आवाज किनरा, म्हणून पोरं त्यांना चिमणीबाई म्हणत. त्यांच्या वर्गातला विजेचा बोर्ड चरचरायचा. मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, जिल्ह्याला सांगून सांगून थकल्या होत्या.

व्हरांड्यात मला बघून चिमणीबाईंचा चेहरा उजळला. "आली एकदाची! बाळांनो, ही आता आपली राखण करणार बरं का." एका शेंबड्याने मला सलाम ठोकला. मला कुठे तोंड लपवू असं झालं. नळकांडीला तोंड एकच, आणि तेही वरच.

साहेब चहाला बसले तसं काकांनी मला काढलं. फाटकाशी मोठ्या बाई आडव्या आल्या.

"काका, ही राहू दे. बोर्ड सकाळपासून चरचरतोय."

"पुढच्या शाळेत खिळा मोकळा दिसला तर त्यावर माझं मुंडकं टांगतील, बाई."

"आणि इथे काही झालं तर?"

"इतकी वर्षं झालं नाही, ते आजच व्हायला बसलंय का?"

चिमणीबाई वर्गात शिकवत होत्या. मला नेल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नाही.

वळणावर ड्रायव्हरने आरशात पाहिलं. "काका, शाळेवर धूर."

"कचरा पेटवला असेल."

"साहेब आत बसलेले असताना?" म्हणाला, आणि न विचारता त्याने जीप फिरवली.

बोर्ड पेटला होता, खिडकीच्या पडद्याने पेट घेतला होता. चिमणीबाई एरवी पोरांना सांगायच्या, धूर दिसला की आधी बाहेर. पण त्या दिवशी मी होते ना! "बसा जागेवर, हलू नका," असं पोरांना सांगून त्या माझ्याकडे धावल्या. बाण होता, खिळा होता, आणि खिळ्यावर काही नव्हतं. परत वळल्या तोवर दारावरचा पडदाही पेटलेला. तो त्यांनी नुसत्या हातांनी ओढून पाडला, पायाखाली तुडवला आणि पोरं बाहेर काढली. सगळी निघाली. खोकत, रडत, पण सगळी.

ड्रायव्हर मला काखेत मारून धावत आला. वर्गात उरलेली आग मी विझवली. त्याची फुशारकी मारणार नाही. चिमणीबाई पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हात पाण्याच्या बादलीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तू होतीस ना गं सकाळी?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी त्या शाळेत कधी गेलेच नसते तर त्या पोरांना घेऊन सरळ दाराकडे गेल्या असत्या. त्यांचे हात आगीने नाही, मी जाळले.

मोठ्या बाईंनी मला परत दिलं नाही. पुढच्या सभेत सरळ अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन आदळलं.

"ही कुठल्या शाळेची?" अध्यक्षांनी विचारलं.

कोपऱ्यातले एक मुख्याध्यापक खाकरले. "पोचा ओळखीचा वाटतो. आमच्याकडे होती."

"आमच्याकडेही," दुसरे म्हणाले.

"आमच्याकडे पण. तासभर." मग एकेक जण जमिनीकडे बघत बोलत गेला. तपासणीचे साहेब खिडकीबाहेर बघत होते.

काका उठले. "साहेब, खरेदीला वेळ लागतो, तपासणीला लागत नाही. मी काय करायचं होतं?"

अध्यक्षांनी खरेदीचे कागद तिथेच मागवून घेतले. खरेदी त्याच बैठकीत मंजूर झाली.

मला पुन्हा भरून त्याच शाळेला दिलं. बोर्ड नवा आहे. चिमणीबाई बऱ्या होऊन परत आल्या आहेत. बोटं पुरती मिटत नाहीत, खडू मुठीत धरून लिहितात. रोज सकाळी येऊन मी आहे का बघतात, काटा तपासतात आणि वर्गात जाऊन पोरांना सांगतात, "धूर दिसला की आधी दार. तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही." बरोबर सांगतात. मी त्यांच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं.

तुम्हाला एकच विनवणी आहे. लेकरांच्या शाळेत भिंतीवर माझ्यासारखी दिसली तर खूश होऊन घरी जाऊ नका. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.