सूचकाची कोरी जागा

आफ्रीनने इतिवृत्ताच्या वहीत पट्टीने समास आखला आणि तारीख लिहिली : ११ मे १९९८. शाळेचे लिपिक देवराव भाचीच्या लग्नाला वरोऱ्याला गेले होते. म्हणून शाळा समितीचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी बैठकीत लिहायला सुवाच्य अक्षराची एखादी मुलगी बोलावली होती. वाणिज्य शिकवणाऱ्या मुजफ्फर सरांनी आफ्रीनला आणून बसवले आणि ते स्वतः व्हरांड्यात थांबले. आजचा ठराव त्यांचाच वर्ग बंद करण्याचा होता.

टेबलाच्या डाव्या बाजूला तिचे वडील बाबूभाई बसले होते. नागभीडमध्ये बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा, मोठा व्यापार त्यांचा, आणि समितीत आवाजही त्यांचाच मोठा.

“धंदा का शाळेत शिकाची गोष्ट आहे?” ते म्हणाले. “माह्या बापानं मले पोत्याच्या थप्पीवर बसवलं, तिथीच शिकलो. पुस्तक वाचून कोनी पोहते का, भाऊ?”

हशा पिकला. आफ्रीनने मान वर केली नाही. अकरावीचा निकाल लागला होता. बारावी वाणिज्य इथे नसेल, तर रोज ब्रह्मपुरीला जावे लागणार होते. आणि आपली मुलगी रेल्वेने जाणार नाही, हे बाबूभाईंनी घरी आधीच सांगून टाकले होते.

“लिही बाई,” गुणवंतराव म्हणाले, “वाणिज्य वर्ग या जूनपासून कायमचा बंद.”

तिने ठराव लिहिला. खालच्या ओळीवर ‘सूचक’ लिहून तिचा पेन थांबला.

“ठराव कोनी मांडला म्हणून लिहू, काका?”

“देवराव लिहिते तसं लिही.”

“तो तं वही घरी नेते,” समितीतल्या एकट्या बाई, गुणाबाई, हसत म्हणाल्या, “अन् पाळीपाळीनं आमची नावं भरते.”

“सरांनी शिकवलं,” आफ्रीन म्हणाली, “मांडणाऱ्याचं नाव इथीच विचारून लिहा लागते. मंग प्रत शाळेच्या फलकावर लागते.”

खोलीतले हसू विरले. गुणवंतरावांनी गुणाबाईंकडे पाहिले.

“माहं नाव नको,” त्या म्हणाल्या. “ माही उर्वशी त्याच वर्गात आहे. पोरगी जेवन टाकंन.”

उरलेले दोघे सभासद खिडकीबाहेर पाहू लागले.

“बाबूभाई, तुम्हीच तं बोलून राह्यले होते,” गुणवंतराव म्हणाले आणि आफ्रीनकडे वळले. “लिही वं, बाबूभाई.”

पेन कागदावर टेकला. शाईचा ठिपका पसरू लागला.

“अब्बा, पूरं नाव लिहू?”

बाबूभाईंनी तिच्या हातातल्या पेनाकडे पाहिले. दुकानातल्या प्रत्येक गठ्ठ्यावरचे त्यांचे नाव तिच्याच हातचे होते. गिऱ्हाइकाने अक्षराची चौकशी केली, की ते ‘माह्या पोरीचं’ म्हणून आवर्जून सांगत.

“वाच आधी,” ते म्हणाले.

तिने एका सुरात वाचले. “...कायमचा बंद करण्यात यावा. सूचक...” तिथे ती थांबली.

बाबूभाई अध्यक्षांकडे वळले. “गुणवंतराव, देवराव आला म्हंजे पाहू ना.”

“गुरुवारी येते तो. मंग जागा कोरी सोड, बाई. तोच नाव भरंन.”

“कोरी सोडता येत नाई, काका. सूचक नसंन तं ठराव होत नाई.”

तिने लिहिले : सूचक मिळाले नाहीत. खाली अर्धे पान मोकळे होते. मागाहून त्यात कोणी काही भरू नये, म्हणून तिने तिरपी रेघ मारायला पट्टी ठेवली. पट्टी घसरली.

“हे काय करून राह्यली?” गुणवंतराव उठून उभे राहिले.

बाबूभाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पट्टीचे दुसरे टोक बोटाने दाबून धरले.