कोपऱ्यातला खांब

कारागिराने घमेल्यातलं उरलंसुरलं काँक्रीट खड्ड्यात ओतलं, सळईने ते नीट दाबून बसवलं आणि कुंपणाच्या कोपऱ्यातला पांढरा खांब दोन्ही हातांनी धरून तो तसाच उभा राहिला. टेकूच्या पट्ट्या आधीच्या खांबांनाच संपल्या होत्या. मदतनीस आज फिरकलाच नव्हता.

थोरली जाऊ आपल्या पायरीवर मटार सोलत होती. धाकटी पलीकडच्या दोरीवर चादरी वाळत घालत होती.

“दोघी जरा येता का इकडे?” तो म्हणाला. “हा धरून ठेवा. मी गाडीतून पट्ट्या घेऊन येतो. गाडी लांब नाक्यावर लावलीय, जरा वेळ लागेल.”

“एकीने नाही भागायचं?” थोरलीने विचारलं.

“व्हिनाइल आहे, ताई. आतून पोकळ. लोखंडी असता तर आपल्या वजनाने बसला असता. हा जिकडे जोर पडेल तिकडे कलतो.”

त्याने लेव्हलची पट्टी सुतळीने खांबाला बांधली, बुडबुडा मधोमध राहिला पाहिजे असं दाखवलं आणि फाटकाबाहेर पडला. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

घराची वाटणी भावाभावांनी हसतखेळत केली होती. आत भिंत झाली, आता अंगणात कुंपण होत होतं. बोलणं बंद झालं ते या दोघींचं. भांडण असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलंही असतं.

“तुमच्याकडे झुकलाय,” धाकटी बुडबुड्याकडे बघत म्हणाली.

“तूच ढकलतेस.”

“मी कुठे ढकलतेय, वहिनी?”

शब्द सवयीने निघून गेला. धाकटीने मान खाली घातली. थोरली खांबावर उडालेला सिमेंटचा शिंतोडा अंगठ्याने पुसू लागली. तो निघाला तरी ती पुसतच राहिली.

“रंगाऱ्याने विचारलं मला,” ती म्हणाली. “धाकट्या वहिनींच्या नव्या स्वयंपाकघराला कुठला रंग द्यायचा म्हणून. माझ्या हातात पोळीची कणीक होती. मला ठाऊकच नाही की नवं स्वयंपाकघर होतंय. त्याला म्हटलं, पिवळा दे.”

“पिवळाच दिलाय.”

“बघितलं. खिडकीतून दिसतो.”

धाकटीने खांबावरची पकड बदलली.

“रोज सांगायला म्हणून यायचे,” ती म्हणाली. “तुम्ही चहाचा कप पुढे करायचात. मग मी मनात म्हणायचे, उद्या सांगू. सांगितलं असतं तर तिथून माझा पाय निघाला नसता.”

“मग काढायचाच कशाला होता? काय कमी होतं?”

“काहीच कमी नव्हतं. तेच तर.” ती अडखळली. “तुमच्या हाताखाली कधी काही बिघडलंच नाही. मीठ जास्त पडायच्या आत तुम्ही डबा उचलायचात. मला एकदा माझ्या हाताने बिघडवून बघायचं होतं.”

वाऱ्याने चादर फुगली आणि पुन्हा खाली बसली.

“मग?” थोरलीने विचारलं. “बिघडलं का?”

“पुष्कळ. परवा कुकर जाळला. हे म्हणाले, छान झालाय भात. खरवडून खाल्ला बिचाऱ्यांनी.”

थोरलीला हसू आवरेना. खांब हलू नये म्हणून तिने तो घट्ट धरला आणि ओठ दाबून हसत राहिली. मग धाकटीलाही हसू फुटलं.

“दुधाचं काय करतेस?” थोरलीने डोळे खांद्याला पुसत विचारलं. “उतू जात असेल.”

“जातं. पण आता निम्मंच जातं.”

“हं,” थोरली म्हणाली. “जमेल हळूहळू.”

कारागीर खांद्यावर पट्ट्या घेऊन घामाघूम परतला. वाकून त्याने काँक्रीटवर बोट टेकवलं.

“धरायला लागलंय. सोडा आता, मी टेकू लावतो.”

दोघींपैकी कुणीच हात काढला नाही.

“उन्हातून आलात,” थोरली म्हणाली. “आधी पाणी प्या. टेकू सावकाश लावा.”

त्याने पट्ट्या खाली ठेवल्या, घाम टिपला आणि अंगणाच्या दोन्ही टोकांची उघडी दारं पाहिली.

“कुठल्या घरातून घेऊ?”

“जे जवळ वाटेल त्यातून,” धाकटी म्हणाली.