लांबट भोकांचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, मनगटाचा. घड्याळाचं कौतुक करताना लोक तबकडी बघतात, काटे बघतात, कानाला लावून टिकटिक ऐकतात. ते हाताला धरून कोण ठेवतं, हे कुणी विचारत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. घाम आम्ही प्यायचा आणि शोभा घड्याळाने मिरवायची, ही आमच्या कुळाची रीतच आहे. पण आज मी माझी गोष्ट सांगणार आहे आणि तिच्यात माझ्या वाट्याला घड्याळ बरंच उशिरा येतं.

माझा जन्म घड्याळांच्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. पुढे काचेची कपाटं, दिवे आणि गोड बोलणारे मालक. मागे एक खिडकी, एक लाकडी टेबल आणि त्यावर वाकलेले कारागीर काका. त्यांनी तपकिरी चामड्याच्या तुकड्यातून माझे दोन भाग कापले, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले आणि कडा घासून घासून चकचकीत केल्या. आखूड भागाला बक्कल लावलं. लांब भागाला भोकं पाडायची तेवढी राहिली. ती सगळ्यात शेवटी पाडतात, कारण एकदा पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

मी असा बिनभोकांचा टेबलावर पडलो होतो, तेव्हा दुकानात एक सत्तरीच्या बाई आल्या. बरोबर त्यांचा मुलगा होता. मधलं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

बाई चाळीस वर्षं मैदानावर धावण्याच्या शर्यतींची वेळ लावत होत्या. पोरं त्यांना सेकंदबाई म्हणायची. कुणी रडून बघितलं, कुणाच्या वडिलांनी आवाज चढवून बघितला, पण बाईंनी कधी कुणाला सेकंदाचा दहावा भागसुद्धा सोडला नाही. इतकी वर्षं गळ्यात दोरीला स्टॉपवॉच लटकवलं. आता एकदा तरी मनगटावर मनासारखं, देखणं घड्याळ घालायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मालकांनी काळ्या कापडाच्या तबकात दोन घड्याळं ठेवली. एक सोनेरी आणि नाण्यासारखं पातळ. त्याला दोनच काटे. दुसरं पोलादी. त्याच्या पांढऱ्या तबकडीत खाली एक छोटं वर्तुळ आणि त्यात फिरणारा सेकंदकाटा.

"मॅडम, समारंभाच्या घड्याळात सेकंदकाटा नसतो. तीच त्याची शान," मालक सोनेरी घड्याळ पुढे सरकवत म्हणाले.

"मग ते चालू आहे की बंद पडलंय, हे कळायला मिनिटभर ताटकळत बसायचं का?" बाई म्हणाल्या.

घड्याळाचा निकाल असा अर्धामुर्धा लागला. मग पट्टे निघाले. एक काळा, मगरीच्या कातडीसारखे चौकोन उठवलेला. मुळात तो शेळीचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी मंडळी आमच्यातही असतात. दुसरा धातूचा, ताणला की मोठा होणारा.

"आई, हा धातूचा घे," मुलगा म्हणाला. "हात घातला की झालं. बक्कल-बिक्कल तुला जमायचं नाही आता."

बाईंनी तो बाजूला सारला. काळा पट्टा लावलेलं पोलादी घड्याळ डाव्या मनगटावर ठेवलं आणि उजव्या हाताने बक्कल लावायला घेतलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांची बोटं थरथरत होती. दोन वर्षांपासून हे दुखणं मागे लागलं होतं. बकलाची पिन भोकाच्या आजूबाजूला फिरे, पण आत जाईना. मालकांचा हात पुढे झाला. मुलाचा हात त्याच्याही आधी पोचला. त्याने चटकन बक्कल लावून टाकलं.

बाईंनी मनगटाकडे पाहिलं. "काढ," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच सांगतोय, माझ्याकडे राहायला चल," मुलगा म्हणाला. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. "कुलूप लावायला तुला दहा मिनिटं लागतात. परवा उकळतं पाणी सांडलंस. तिसऱ्या मजल्यावर एकटीने कशाला राहायचं? पण सुंभ जळाला तरी तुझा पीळ जात नाही."

"पीळ आहे तोवर तो सुंभ दिसतो. पीळ गेला की नुसती राख," बाई म्हणाल्या. "हे बघ, मला एक महिना दे. हे बक्कल मी माझ्या हाताने दोन मिनिटांच्या आत लावलं, तर मी माझ्याच घरात राहणार. नाही जमलं, तर तुझ्याकडे येईन. कुरकुर करणार नाही."

मुलाने थोडा विचार केला आणि मान डोलावली. बाई मालकांकडे वळल्या. "घड्याळ नंतर बघू. आधी पट्टा द्या."

घड्याळ न घेता नुसता पट्टा मागणारं गिऱ्हाईक त्या दुकानात पहिलंच. मालक गोंधळले, पण कारागीर काका उठले आणि मला घेऊन बाहेर आले. बाईंनी मला दोन बोटांत धरून वाकवून पाहिलं. "हा मऊ आहे. हाच द्या."

काकांनी त्यांच्या मनगटाचं माप घेतलं. माप घेताना ते मनगटाकडे कमी आणि बोटांकडे जास्त बघत होते. मग मला घेऊन आत आले. टेबलावर भोकं पाडायचे दोन पंच होते. एकाने मोहरीएवढं गोल भोक पडे. आम्हा पट्ट्यांना तेच पाडतात. दुसऱ्याने तिळासारखं लांबट, ते पिशव्यांच्या बंदांसाठी. काकांचा हात गोल पंचावर गेला, थांबला आणि दुसऱ्याकडे वळला. हातोडीचे सात ठोके, सात लांबट भोकं. बाहेर कुणाला काही कळलं नाही. मला मात्र कळलं होतं, लांबट भोकात पिन सहज शिरते. त्या वेळी मला वाटलं, काका मोठ्या मनाचे आहेत. आपण एका म्हाताऱ्या बाईंच्या कामी येणार म्हणून मी फुशारून गेलो.

माझ्या दोन भागांच्या मध्ये काकांनी घड्याळाच्या मापाची एक लाकडी चकती बसवली आणि मी बाईंच्या घरी गेलो.

मित्रांनो, तो महिना मी विसरणार नाही. सकाळी चहा झाला की बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. स्टॉपवॉच सुरू करायच्या आणि मला मनगटावर चढवायच्या. पहिल्या दिवशी सहा मिनिटं चाळीस सेकंद लागले. मी चारदा जमिनीवर पडलो आणि एकदा कपात उरलेल्या चहात. त्यांनी मला पुसलं, वाळवलं आणि पुन्हा बसल्या. कधी हात टेबलाच्या कडेला दाबून बघितला, कधी कोपराखाली टॉवेलची घडी ठेवली. श्वास सोडताना थरथर जरा कमी होते, हे त्यांना दहाव्या दिवशी सापडलं. मग त्या श्वास सोडताना पिन पुढे ढकलू लागल्या. पाच मिनिटं. साडेतीन. अडीच. हाताला रग लागली की हातालाच दटावायच्या, "नखरे पुरे."

महिना संपला तेव्हा आम्ही दुकानात गेलो. तबकात ते पोलादी घड्याळ होतं आणि शेजारी तो काळा पट्टा. बाईंनी स्टॉपवॉच मुलाच्या हातात दिलं. "मी सांगितलं की दाब. मध्ये बोलायचं नाही."

त्यांनी हात कडेला टेकवला आणि श्वास सोडला. पिन एकदा हुकली, दोनदा हुकली, तिसऱ्यांदा आत गेली.

"एक मिनिट एक्कावन्न," मुलगा म्हणाला. मालकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

बाईसुद्धा हसल्या. मग त्यांनी मला काढून काळ्या पट्ट्याशेजारी ठेवलं, आणि तिथेच माझं बिंग फुटलं. त्यांनी चष्मा लावला. माझी भोकं पाहिली, त्याची पाहिली, पुन्हा माझी पाहिली.

"कारागीर, जरा बाहेर या," त्यांनी हाक मारली.

काका आले. "ते... पंच चुकीचा हातात आला बाई."

"सातही वेळा?"

काकांनी मान खाली घातली. "तुमचे हात बघितले आणि राहवलं नाही."

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"मग?" बाई म्हणाल्या.

"आई, जाऊ दे ना," मुलगा म्हणाला. "तू लावलंस, मी बघितलं. मला मान्य आहे."

"तुला आहे, मला नाही. ही वेळ धरायची नाही."

मित्रांनो, मला त्या तबकात तोंड लपवायला जागा नव्हती. भोकं मी पाडून घेतली नव्हती, पण होती माझ्याच अंगावर. बाईंची महिनाभराची मेहनत खरी होती आणि माझ्यामुळे ती खोटी ठरली होती.

काकांनी लाकडी चकतीला काळा पट्टा लावून दिला. तो कोरा आणि ताठ होता. बाईंनी पुन्हा श्वास सोडला. पिन हुकत राहिली. एक मिनिट झालं. दीड झालं. मुलाच्या कपाळावर घाम आला. दोन मिनिटं उलटून गेली, तरी बाई थांबल्या नाहीत. शेवटी पिन आत गेली.

"किती?" त्यांनी विचारलं.

मुलाने स्टॉपवॉच मुठीत झाकलं.

"किती, विचारते आहे."

"दोन मिनिटं नऊ सेकंद."

"हरले," बाई म्हणाल्या. नऊ सेकंद म्हणजे किती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "रविवारी सामान न्यायला ये." मग मालकांकडे वळून म्हणाल्या, "पोलादी घड्याळ घेते. त्याला हा तपकिरी लावा, रोज घालायला. शर्यतीत चालत नाही, घरात चालेल. काळा चकतीवरच राहू द्या. त्याच्याशी माझं काम बाकी आहे."

रविवारी त्यांनी घराला कुलूप लावलं आणि शब्द दिल्याप्रमाणे मुलाकडे गेल्या. कुरकुर केली नाही. जेवताना मात्र त्या फार कमी बोलायच्या, आणि संध्याकाळी हातातली आपल्या घराची किल्ली उगाच फिरवत बसायच्या. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

पण सकाळी चहा झाला की काळा पट्टा टेबलावर येई. मी घड्याळासकट बाजूला पडून बघत असे. पहिल्या आठवड्यात मुलाचा हात दर वेळी पुढे यायचा. बाई नुसत्या बघायच्या आणि हात परत जायचा. पुढे मुलगा हात पाठीमागे बांधून उभा राहू लागला. त्यानंतर खुर्ची घेऊन बसू लागला. एक दिवस कामावर जायला उशीर झाला तरी उठला नाही. आई झगडत असताना नुसतं बसून राहणं किती अवघड आहे, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. चार महिन्यांत काळा पट्टा नरम पडला, आणि एका सकाळी मुलानेच मोठ्याने वेळ वाचली, "एक मिनिट अठ्ठावन्न."

बाईंनी चष्मा लावून पट्ट्याची भोकं तपासली. मग स्टॉपवॉच त्याच्या हातातून घेऊन स्वतः बघितलं.

"ही धरायची," त्या म्हणाल्या.

लगेच येणाऱ्या रविवारी मुलाने त्यांची बॅग तीन मजले चढवून त्यांच्या घरी नेली. कुलूप उघडायला बाईंना बराच वेळ लागला. तो जिन्यात बॅग धरून उभा राहिला आणि एक अक्षर बोलला नाही.

आता पोलादी घड्याळाला तो काळा पट्टा आहे आणि मी खणात आहे. माझं अस्तर फाटलंय, कडांचा रंग उडालाय. कुणी म्हणेल, बिचारा अडगळीत पडला. पडलो खरा, पण बाईंना माझी गरज उरली नाही, याचा मला आनंद आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे चामडी पट्टा असेल तर त्याला पाण्यापासून जपा आणि झोपताना काढून ठेवा. आणि एक ऐका. कुणाचे हात थरथरताना दिसले, तर धावत जाऊन त्यांचं बक्कल लावू नका, आणि गुपचूप भोकंही मोठी करू नका. शेजारी बसा. मदत हवी का, असं विचारा. "नको" म्हणाले, तर हात पाठीमागे बांधा आणि कितीही वेळ लागला तरी बसून राहा.