चंद्री गल्लीत उभी राहिली

धोंडुबाईच्या चंद्री म्हशीला हॉर्न खपत नाही. कुणी जवळ येऊन वाजवला की बया पान्हा चोरते. मग धार काढायला कासंडी घेऊन बसा खुशाल, थेंब मिळायचा नाही. कट्ट्यावर उभं राहून डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराला हे सांगावं लागत नाही. धोंडुबाईचा कट्टा गल्लीच्या तोंडाशी, जरा आडोशाला होता, अन् संध्याकाळी तिथं ग्लास घेऊन माणसं उभी असायची.

त्या गल्लीचा लोकांनी शॉर्टकट केला आणि घात झाला. सिग्नल चुकवायला जो उठला तो गल्लीतनं सुसाट. अशाच एका मोटारसायकलनं धोंडुबाईच्या नातीला, क्रांतीला उडवलं. दुसरीतली पोर. हात मोडला, तो जुळलाही. पण पोरीनं खेळायला उंबरा ओलांडायचा सोडला तो सोडलाच. शाळेला बापाच्या गाडीवर त्याच्या पाठीत तोंड खुपसून जायची, आली की दारात बसायची. पूर्वी धारेच्या वेळी चंद्रीचं कपाळ खाजवत उभी राहणारी हीच पोर. गतिरोधकासाठी गल्लीनं महापालिकेत अर्ज दिला, हेलपाटे घातले. बघू, करू, एवढंच ऐकायला मिळालं.

"नाक दाबल्याबिगार तोंड उघडत न्हाय," धोंडुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोरं शाळेतनं यायच्या वेळेला तिनं चंद्रीला कट्ट्यावरनं सोडलं अन् गल्लीत, आपल्या दारासमोर आणून उभी केली. एका अंगाला गाडी सावकाश निघेल एवढी वाट ठेवली. गिऱ्हाईक काय, जिकडं दूध तिकडं गिऱ्हाईक.

पहिलाच गाडीवाला आला तो हॉर्नवर अंगठा दाबूनच. चंद्रीनं कान उभे केले आणि धार तुटली. रांगेत तालमीतला जोतीराम पैलवान उभा होता, अंगाला अजून लाल माती. तो सावकाश वळला.

"पावणं, आता दूध तुमी काढताय काय?"

पावण्यानं त्याच्याकडं बघितलं, रांगेकडं बघितलं, गाडी बंद केली आणि पायानं रेटत निघून गेला. पुढं तर जोतीरामला बोलायचीसुद्धा गरज पडेना. नुसता मान वळवायचा. बघता बघता गल्लीत गाड्या हळू झाल्या, पोरांनी खडूनं चौकोन आखले, लंगडीचा दंगा सुरू झाला. धोंडुबाई कासंडी गुडघ्यात धरून ऐटीत बसायची. जिंकलीच होती की ती.

क्रांती तेवढी दारातच.

"ये की गं बाहेर. बघ, कोण जोरात जातंय का?"

"चंद्री हाय म्हणून हळू जात्यात," क्रांती म्हणाली. "चंद्री गोठ्यात गेल्यावर काय, आज्जी?"

हे मात्र धोंडुबाईला झोंबलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी धार ऐन भरात असताना मोठ्यानं हॉर्न वाजला. चंद्री दचकली, लाथ झाडली, पान्हा चोरला. रांग वळली. गाडीवर धोंडुबाईचाच लेक, क्रांतीचा बाप, धैर्यशील. कागलच्या एमआयडीसीतनं सुटला होता आणि मित्रांबरोबर रंकाळ्यावर जायची घाई होती. जोतीरामनं मान खाली घातली. घरच्या माणसाला काय बोलणार?

धोंडुबाई उठली.

"ध्यानात ऱ्हायलं न्हाय, आई," धैर्यशील म्हणाला. "आपल्या गल्लीत मी हळूच येतो की."

"आन् दुसऱ्यांच्या?"

तो गाडीच्या आरशाशी चाळा करायला लागला.

"आज कुठनं आलास?"

"हायवेला गर्दी हुती. मागच्या कॉलनीतनं आलो."

"जोरात?"

"रस्ता मोकळा हुता, आई. तितं कुठं म्हस हाय?"

"म्हस न्हाय," धोंडुबाई म्हणाली. "क्रांती हाय का न्हाय तितं कुणाची?"

धैर्यशीलनं दाराकडं बघितलं. लेक त्याच्याकडंच बघत होती. त्याची नजर खाली गेली. त्यानं चावी फिरवून गाडी बंद केली, उतरला आणि ती ढकलत भिंतीकडं नेऊ लागला.

धोंडुबाई पुन्हा चंद्रीपाशी बसली. कासेवर पाणी मारलं, सड चोळले, गोंजारलं. चंद्री काही केल्या ऐकेना. ग्लास रिकामेच. तेवढ्यात चपलांचा आवाज आला. क्रांती उंबरा उतरली होती. दोन्ही बाजूंना बघत बघत ती रस्त्याच्या मधोमध आली, चंद्रीच्या तोंडाशी उभी राहिली आणि बऱ्या झालेल्या हातानं तिचं कपाळ खाजवायला लागली.

"भिऊ नको," ती चंद्रीला म्हणाली. "बाबानं बंद केलीया गाडी."

चंद्रीनं मान सैल सोडली. कासंडीत पहिली धार पडली तेव्हा धोंडुबाईला नीट दिसत नव्हतं. पदरानं डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी धैर्यशील कामावरनं उशिरा आला. कॉलनीतनं आला होता, पण सावकाश. धोंडुबाईनं उशिराचं कारण विचारलं नाही. रांग मोडून पहिला ग्लास त्याला दिला, आणि जोतीराम पैलवानसुद्धा त्यावर काही बोलला नाही.