एकट्याचा गट

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी भानुदास लोंढेने वहीत दोनशे अडुसष्टावा संपर्क लिहिला. त्यानंतरच्या पस्तीस मिनिटांत त्याला फक्त दोन उत्तरे मिळाली.

हात थांबला नव्हता. मोर्सच्या ठिपक्या-रेघांत हौशी रेडिओवाल्यांच्या स्पर्धेची हाक, पाठोपाठ स्वतःच्या स्टेशनची खूण, मग वीस सेकंद ऐकणे आणि पुन्हा हाक. हेडफोनमध्ये नुसती खरखर होती. त्याने आवाजाचे बटण आणखी फिरवून पाहिले. ते शेवटच्या रेघेला टेकलेलेच होते.

१९९० चा डिसेंबर चालू होता. सूर्यावर डाग भरपूर होते, म्हणजे दहा मीटरच्या लहरींना सुगीचे दिवस. या वेळी युरोपात सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात आणि बारामती–इंदापूर रस्त्याकडेच्या या घरातून चाळीस वॅटसुद्धा फिनलंडपर्यंत सहज पोहोचतात. ट्रान्समीटर त्याने स्वतः जोडला होता. अँटेना म्हणजे गच्चीवरचा पाइप आणि समोरचा नारळ यांच्यामध्ये दोरीने ताणलेली पाच मीटर तांब्याची तार. एवढ्या सामग्रीवर तो आठ वर्षे या स्पर्धेत उतरत होता आणि त्यांपैकी चार वर्षे ‘एकट्याचा गट’ या वर्गात भारतातून दुसरा आला होता. या वर्गाचा नियम साधा होता: ऐकणे, पाठवणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे एकाच माणसाने करायची. गेल्या वर्षीच्या पहिल्याचे दोनशे एक्याण्णव संपर्क होते. चोवीस तासांची स्पर्धा आज साडेपाचला संपणार होती. बावीस संपर्क उरले होते, आणि पावणेदोन तास.

पण आकड्याहून महत्त्वाचे काही पणाला लागले होते आणि ते त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. ऑक्टोबरात बारामतीच्या डॉक्टरांनी त्याचे कान तपासून एक आलेख हातात दिला होता. दोन्ही रेघा उजवीकडे उतरत गेल्या होत्या. साखर कारखान्याच्या पॉवर हाउसमध्ये टर्बाइनशेजारी एकोणीस वर्षे काढलेल्या माणसाच्या बाबतीत यात नवल नव्हते. भानुदासने आलेख दुमडून ठेवला. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे त्याने स्वतःला बजावले. दुसरे निरीक्षण ही स्पर्धा होती. दोनशे ब्याण्णव झाले, तर आलेख चुकला असे मानायला जागा होती.

बाहेर अंगणात शेजारच्या शकुबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“ओ बाई, भाऊंना सांगा की वाईच थांबायला. टीव्हीत हिरोच्या तोंडावर नुसत्या पट्ट्या यायला लागल्यात.”

“साडेपाचला संपतंय, शकुबाई,” भानुदासची बायको करुणा म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. समजूत घालण्याचा तिला सराव होता.

“आन् सिनेमा कवा संपतुय? साडेपाचलाच की! मंग ह्यांचं झाल्यावर म्या काय बातम्या बघू?”

“मी सांगते तुमाला पुढची गोष्ट. पायलाय मी हा सिनेमा.”

“त्यो मरतुय का?”

“न्हाय.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” म्हणत शकुबाई गेल्या.

भानुदासला यातले काही ऐकू गेले नाही. शांततेचे कारण तो शोधत होता. सूर्यावर स्फोट झाला की लहरी एकाएकी शोषल्या जातात, हे एक शक्य होते. पण तसे झाले असते तर खरखरही कमी व्हायला हवी होती आणि ती होती तशीच होती. शिवाय एखाददुसरे जोरकस इटालियन स्टेशन स्वच्छ ऐकू येत होते. त्यांच्याशी सकाळीच बोलून झाले होते आणि एक स्टेशन एकदाच मोजले जाई. हा तपशील स्फोटाच्या कल्पनेत बसत नव्हता. त्याने तो बाजूला ठेवला. एरवी कुणी असे केले असते, तर त्याने त्याला चांगलेच सुनावले असते.

चार वाजून वीस मिनिटांनी त्याच्या खांद्यावर हात पडला. स्पर्धा चालू असताना त्याला कुणी हात लावायचा नाही, हा घरातला जुना दंडक होता. त्याने हेडफोन एका कानावरून सरकवला.

“अहो, त्याला उत्तर का देत न्हाय तुमी?”

“कुणाला?”

“कोण हाय त्यो... ओ एच दोन खुणेवाला. चार वेळा बोलावून गेला. त्याच्या आदी आणिक एकजण हुता.”

“तुला कसं कळलं?”

“सगळ्या घरात ऐकू येतंय. स्वयंपाकघरातसुदा.”

वायरलेस परवान्याच्या परीक्षेआधी सहा महिने तिनेच रोज त्याची उजळणी घेतली होती. मोर्स तिच्याही कानात बसला होता. कधी कामाला आला नव्हता, इतकेच. भानुदासने तिच्याकडे पाहिले, मग हातातल्या हेडफोनकडे. कानापासून वीतभर दूर धरलेला असतानाही तो चुरचुरत होता.

“लिहून दे,” तो म्हणाला. “तोंडानं सांगू नको. ऐकू येईल ते लिही.”

त्याने हाक पाठवली आणि हेडफोन कानांवर दाबून धरला. खरखर. टेबलापाशी वाकलेल्या करुणाने पेन्सिलीने सहा अक्षरे लिहिली. त्याने ती खूण पाठवली, सोबत आपल्या संपर्काचा अनुक्रमांक. पुन्हा खरखर. तिने लिहिले: बरोबर. खाली त्या स्टेशनचा क्रमांक: ४१२.

एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही, म्हणून त्याने तो आणखी दोनदा केला. दोन्ही वेळा त्याला खरखर ऐकू आली आणि दोन्ही वेळा तिच्या कागदावर माणूस होता.

लहरी बंद झाल्या नव्हत्या. तोच उत्तर देत नव्हता आणि लोक कंटाळून निघून जात होते. सकाळपासून नऊ तास पूर्ण आवाज सोसलेल्या कानांनी दुपारी उरलीसुरली साथही सोडली होती. कानांचा शीण उद्यापर्यंत थोडा ओसरेल, हे त्याला माहीत होते. किती ओसरेल, तेही आलेखात होते.

“किती पायजेत अजून?” करुणाने विचारले.

“हे तीन धरले तर एकोणीस.”

“मंग लिहा की. मी हाय हितं.”

“हे तीन धरता येत नाहीत. एकट्याचा गट आहे.”

“मी काय मशीन चालवतेय? नुसतं ऐकतेय.”

“ऐकणं हेच तर काम आहे.”

“आन् तितं परदेशात कुणाला कळणारंय, बारामतीत कुणी ऐकलं ते?”

“कुणालाच नाही. म्हणूनच तर अर्जावर सही मागतात.”

घड्याळात चार वाजून तेहतीस मिनिटे झाली होती. हे तीन सोडून, दार लावून, पुन्हा एकट्याने बसता येत होते. मोठ्या आवाजाची आणखी पाच-सहा स्टेशने मिळाली असती. कदाचित तिसरा क्रमांक.

भानुदासने हेडफोनची पिन उपटली. रिसीव्हरचा स्पीकर खोलीत खणखणला. अर्जाची पहिली दोन पाने त्याने समोर ओढली, ‘एकट्याचा गट’ यापुढची खूण खोडली आणि त्याखालच्या ‘अनेकांचा गट’ या चौकोनात फुली केली. त्या गटात उंच टॉवरवाले क्लब उतरत. तिथे त्याच्या तारेला कुणी विचारले नसते. मग उठून त्याने स्वयंपाकघरातला स्टूल आणला आणि आपल्या खुर्चीला लावून ठेवला.

“बस. आता तोंडानं सांगितलंस तरी चालेल.”

“वेगानं येतंय. चुकलं तर?”

“चुकलं तर तो परत पाठवेल. पहिलीच्या पोरांना तू किती वेळा परत सांगतेस?”

ती बसली. सुरुवातीला अडखळली, मग बोटांनी टेबलावर ताल धरून अक्षरे सांगू लागली. तो मोर्सच्या कीवर उत्तर देई आणि डाव्या हाताने वही सरकवी. पोलंड. युगोस्लाव्हिया. पुन्हा फिनलंड. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की तिच्या स्पार्कचा तडतडाट व्हायचा, तेव्हा करुणा डोळे मिटून पुढे झुके. पाच वाजून आठ मिनिटांनी दोनशे ब्याण्णव झाले. त्याने आकडा लिहिला आणि पुढची ओळ आखली. तिला सांगितले नाही; ती ऐकण्यात गुंतली होती.

साडेपाचला त्याने घड्याळाकडे बोट दाखवले. शेवटचा क्रमांक तीनशे अकरा होता.

“थांबा,” करुणा म्हणाली. “अजून एकजण बोलावतोय.”

“वेळ संपली. आता मोजता येणार नाही.”

“मोजू नका. पण त्यो बिचारा बोलावतोय ना? तसं सांगा की त्याला.”

भानुदासने कीवर हात ठेवला. तिने सांगितलेली खूण त्याने सावकाश पाठवली. पुढे, स्पर्धा संपली, आभार, नमस्कार.

त्याने कीवरून हात उचलला आणि उत्तरासाठी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.